दार अर्धं उघडं, बाई पाठमोरी

पडवी | रविवार, रात्री १०.४०

जुन्या नाशकातला, तिवंध्याजवळचा आमचा वाडा पुढच्या महिन्यात उतरवणार आहेत. 'पाडणार' म्हणायला घरात कुणाची जीभ रेटत नाही, म्हणून सगळे 'उतरवणार' म्हणतात. आज सामान हलवायला गेलो होतो. एक वाजेपर्यंत टेम्पोच्या दोन खेपा झाल्या. फडताळ गेलं, पाटा-वरवंटा गेला, आजोबांचं मेज गेलं. तांब्याचा बंब कुणी न्यायचा यावरून दोघा चुलत भावांत थोडं वाजलं आणि मग तेच दोघे एका स्कूटरवर बसून जेवायला गेले. मी सतरंजीची गुंडाळी पाठीशी घेऊन माजघरात टेकले.

आमच्या माजघराला खिडकी नाही. दोन्ही बाजूंना शेजारचे वाडे खेटून, खिडकी पाडणार कुठे? वर माडी नाही, त्यामुळे उजेड येतो तो थेट कौलांतून, एका काचेच्या कौलातून. सामान गेल्यावर ती खोली मी पहिल्यांदा पाहिली असं म्हटलं तरी चालेल. जिथे वर्षानुवर्षं कॅलेंडर होतं तिथे भिंतीवर पांढरा चौकोन. समोरचं दार अर्धं उघडं, त्यातून मधली खोली, तिच्या दारातून ओटीचा तुकडा. आणि काचेतून उतरलेला कवडसा, भिंतीच्या पायथ्याशी. दिवसभर झटकाझटकी झालेली, त्यामुळे त्यात धूळ नुसती गरगरत होती.

फोटो काढून भाचीला पाठवला. ती चित्रकला शिकते. तिने एक शब्द न लिहिता उलट एक चित्र पाठवलं. विल्हेल्म हामरशॉय या डॅनिश चित्रकाराचं, १९०० सालचं, 'सूर्यकिरणांत नाचणारे धूलिकण'. चित्रात काही नाही. म्हणजे खरंच काही नाही. एक बंद दार, एक खिडकी, आणि खिडकीतून तिरप्या येणाऱ्या उन्हाची जमिनीवर पडलेली चौकटी-चौकटींची नक्षी. खुर्ची नाही, माणूस नाही, भिंतीवर खिळा नाही. मी फोन धरून किती वेळ बसले कोण जाणे. भाऊ परत आले तेव्हा चहाचं विचारत होते.

मग भाचीने एकापाठोपाठ एक चित्रं पाठवली. राखाडी भिंती, पांढरी दारं, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. बऱ्याच चित्रांत काळ्या कपड्यातली एक बाई. पाठमोरी. मान किंचित वाकलेली, मानेचा मागचा भाग तेवढा उजेडात. ती काय करतेय ते दिसत नाही. पत्र वाचत असेल, काही पुसत असेल, किंवा नुसती उभी असेल.

ती पाठ मला ओळखीची वाटली. आमच्या वाड्यात एके काळी तेरा माणसं होती. मे महिन्याच्या सुटीत आम्ही पोरं गेलो की अठरा-एकोणीस. दुपारी दोन ते साडेतीन मोठी काकू माजघरात भिंतीकडे तोंड करून बसायची. आम्हाला सांगितलेलं असायचं, काकूचा डोळा लागलाय, आत जायचं नाही. मी एकदा दाराच्या फटीतून पाहिलं होतं. ती झोपलेली नव्हती. निवडत नव्हती, टिपत नव्हती, जप करत नव्हती. बसली होती. पाठीवर कवडसा आला होता.

तर विचारायचं होतं ते हे. आपल्याकडे या अवस्थेला किती शब्द आहेत: एकांत, एकटेपणा, निवांत, सामसूम, शुकशुकाट, सुनं. या चित्रांना तुम्ही यातला कुठला शब्द लावाल? बघून सांगा. मला ठरवता येत नाहीये.

---

गोदाकाठचा वाटसरू

छान लिहिलंय. चित्रं शोधली. माझा शब्द: सुनं. सरळ सुनं. दहाव्या-बाराव्याला पाहुणे निघून गेल्यावर घर जसं होतं ना, सतरंज्या उचललेल्या, भांडी उपडी घातलेली, तसं. मला तर थोडी भीतीच वाटली. एवढी दारं उघडी आणि एकातूनही कुणी येत नाही.

---

सहाण

वाचतेय. काकू आवडल्या.

---

कुंचला_नाशिक

या चित्रकारावर कुणी मराठीत बोलतंय हे बघूनच बरं वाटलं. थोडी भर घालतो, शिकवायची सवय आहे म्हणून.

हामरशॉय १८६४ चा, कोपनहेगनचा, १९१६ साली गेला. १८९१ मध्ये ईडा इल्स्टेड हिच्याशी लग्न झालं. ती पाठमोरी बाई बहुतेक चित्रांत तीच. १८९८ ते १९०९ ही अकरा वर्षं दोघं स्ट्रांडगाडे ३० या पत्त्यावर भाड्याने राहिली. घर सतराव्या शतकातलं, म्हणजे तेव्हाही जुनाच वाडा. या एकाच घरात त्याने साठहून अधिक चित्रं केली. तीच दारं, तीच खिडकी, फक्त टेबल सरकवलेलं, किंवा ईडा दोन पावलं मागे.

आता गंमत बघा. पडवीताईंनी सांगितलेल्या धूलिकणांच्या चित्रात दाराला मूठ नाही. नीट बघा, उजवीकडचं दार. ते उघडायचं कसं? विसरला म्हणावं तर हा गडी विसरणाऱ्यातला नव्हता. त्याने जे जे बोलतं होतं ते काढून टाकलं. मुठीवर हात येतो, हात आला की माणूस आला, माणूस आला की गोष्ट सुरू झाली. माझ्या वर्गात मुलांना 'स्थिरचित्र' दिलं की ती टेबलावर वस्तू वाढवत नेतात. फुलदाणी, फळं, पुस्तक, वर चष्मा. मी सांगतो, आता एकेक उचला, आणि कुठली उचलल्यावर चित्र पडतं ते बघा. हा माणूस उचलत उचलत पार भिंतीपर्यंत गेला आणि चित्र पडलं नाही.

दुसरं, रंग. राखाडी म्हणून मोकळे होऊ नका. त्या राखाडीत निळसर, पिवळट, जांभळट अशा कितीतरी छटा आहेत, बारीक बारीक फटकाऱ्यांनी घातलेल्या, त्यामुळे भिंत जवळून पाहिली तर थरथरते. मोबाईलवर हे निम्मं मरतं.

माझा शब्द: निवांत. पण थोडा ताणलेला निवांत, श्वास धरून ठेवल्यासारखा.

---

उंबरठा

मी जरा विरुद्ध बाजूने बोलते, राग नसावा.

एवढ्या स्वच्छ, रिकाम्या खोल्या कोण झाडत होतं? धूळ फक्त उन्हात नाचत नसते, ती कपाटावर बसते आणि कुणीतरी ती पुसतं. चित्रकाराने शांतता काढली, पण ती शांतता तयार केली कुणी? ईडा तासन्‌तास पाठ करून उभी राहिली असणार. तुम्ही कधी पाठ करून उभ्या राहिलात का, मागून कुणी बघतंय हे माहीत असताना? मानेला रग लागते. बघणाऱ्याला निवांत दिसतं.

आणि आपल्याकडे 'एकांत' हा शब्द बहुतेक पुरुषांसाठी वापरला गेलाय. ऋषी एकांतात जातात, कवी एकांतात जातो. बाई एकटी बसली की पहिला प्रश्न, "काय गं, बरं नाही का?" त्या काकूंनाही झोपेचं सोंग घ्यावं लागलं ना? नुसतं बसायचंय असं सांगता आलं नाही.

---

कुंचला_नाशिक

उंबरठा, मुद्दा मान्य आहे. फक्त एक. तिला चेहरा दाखवायला लावला नाही, हेही लक्षात घ्या. त्या काळच्या चित्रांत बायकांना बघणाऱ्याकडे बघून हसावं तरी लागे नाहीतर रडावं तरी. ईडा काय विचार करतेय ते सव्वाशे वर्षं झाली तरी कुणाला कळलेलं नाही.

---

उंबरठा

हे मात्र पटलं. अर्धं.

---

बोहरपट्टीकर

वाडा कुणाला दिला डेव्हलपमेंटला? भाडेकरू आहेत का आत? आमचं प्रकरण सहा वर्षं अडकलंय. जुन्या नाशकात गल्लीची रुंदी बघूनच एफएसआय मिळतो, बिल्डर आधी गोड बोलतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

सहाण

काका, इथे चित्राचं चाललंय. :)

---

बोहरपट्टीकर

माहीत आहे हो. चित्र मीही पाहिलं. आमच्याही वाड्याचं शेवटी असंच दिसायला लागलंय, फरक एवढाच की आमच्या दारांना मुठी आहेत आणि प्रत्येक मुठीला वेगळं कुलूप. चालू द्या.

---

सावली_मोजणारा

पडवीताई, कवडसा हा माझा आवडता विषय, त्यामुळे लांबण लागेल. सांभाळून घ्या.

हवेतला उजेड आपल्याला बाजूने दिसत नाही. धुळीचे कण तो इकडे-तिकडे विखुरतात तेव्हाच पट्टा दिसतो. टिंडल या शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. म्हणजे तुम्हाला त्या दिवशी कवडसा इतका ठसठशीत दिसला तो झटकाझटकीमुळे. रोज झाडलेल्या घरात तो फिकट असतो. (उंबरठाताई, हा पुरावा तुमच्या बाजूने की विरुद्ध, तुम्हीच ठरवा.)

पण मला त्या चित्रात खरं काय दिसलं सांगू? अक्षांश. कोपनहेगन साधारण ५५.७ अंशावर, नाशिक २० वर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर माध्यान्हीला कोपनहेगनात सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर असतो. नाशकात त्याच वेळी साडेशेहेचाळीस. आता दक्षिणेकडे खिडकी धरा, तिची वरची कड जमिनीपासून २ मीटर. कोपनहेगनला ऊन १० मीटर आत जाईल, म्हणजे एका खोलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत. नाशकात २ मीटरसुद्धा जाणार नाही, उंबऱ्यापाशीच बसेल. उन्हाळ्यात तर आपल्याकडे माध्यान्हीला खिडकीतून ऊन येतच नाही, मेच्या उत्तरार्धात आणि जुलैत सूर्य अगदी डोक्यावर येऊन जातो.

म्हणून त्यांच्या चित्रकाराला एकामागोमाग एक उघडी दारं सुचली असावीत असा माझा तर्क. उजेडच आडवा चालत येतो, त्याला वाट लागते. आपल्याकडे उजेड उभा पडतो. चौकात पडतो, कौलातून पडतो, देवळाच्या झरोक्यातून पडतो. तिकडची शांत खोली लांबट, आपली विहिरीसारखी.

जाता जाता, कौलाच्या फटीतून पडणारा कवडसा गोल असतो कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. २१ जून २०२० च्या ग्रहणात ज्यांनी झाडाखाली बघितलं असेल त्यांना आठवेल, जमिनीवर सगळ्या चंद्रकोरी पडल्या होत्या.

---

येवल्याची पोर

"आपली विहिरीसारखी"!! काय सांगितलंत.

आमच्या आजोळी धाब्याचं घर होतं, मातीचं माळवद. त्याला मधोमध एक भोक ठेवलेलं, त्याला सानं म्हणायचे. पावसात त्यावर उलटं घमेलं. आजी सान्यातून पडलेल्या उजेडावर वेळ ओळखायची. उजेड उखळापाशी आला की भाकऱ्यांना बसायचं, जात्यापाशी आला की गुरांचं पाणी. त्यामुळे कवडसा म्हटलं की मला शांत वगैरे काही वाटत नाही, कामाला लागायची घाई होते. :D

तरी एक. दुपारी तो उजेड उखळ आणि जातं यांच्या मध्ये असायचा, मोकळ्या जमिनीवर. तेव्हा आजी काही करत नसे. तेवढाच.

---

गोदाकाठचा वाटसरू

सगळ्यांचं वाचून परत चित्रं पाहिली. सुनं हा शब्द मागे घेत नाही, पण एक जाणवलं. पुराच्या दिवसांत पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं की गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, सगळे बघायला गर्दी करतात. पाणी उतरल्यावर चार दिवस तिकडे कुणी फिरकत नाही. गाळ बसलेला, टपऱ्या नाहीत, पुजारी नाहीत, रामकुंडावर चिटपाखरू नाही. मी सराफ बाजारात कामाला असताना मुद्दाम तेव्हा जायचो. तेही सुनंच, पण मला हवं असायचं. तेव्हा सुनं म्हणजे वाईटच असं नाही, एवढी दुरुस्ती.

आपल्या शिवाजी तुप्यांनी घाट किती रंगवला! पण त्यांच्या घाटावर ऊन हसतं-खेळतं असतं. रिकामा घाट कुणी रंगवायला हवा होता.

---

मेणबत्ती

आपल्या चित्रकारांचा विषय निघाला म्हणून. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र सगळ्यांना माहीत असेल, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं. जलरंगातलं आहे. तीही एकटी, अंधारी जागा, उजेड एकच. पण तो उजेड तिच्या हातात आहे आणि बोटांतून झिरपून चेहऱ्यावर जातो. आपल्याला एकटी बाईसुद्धा दिवा लावणारी लागते. कुणाची तरी वाट बघणारी. हामरशॉयची बाई कुणाचीच वाट बघत नाही असं मला वाटतं, म्हणून ती आपल्याला आधी खटकते.

माझा शब्द: एकांत.

---

कुंचला_नाशिक

मेणबत्ती, सुंदर. मात्र हळदणकरांवर अन्याय नको. जलरंगात बोटांच्या कडांमधून उजेड झिरपवायचा म्हणजे कागदाचा पांढरा शेवटपर्यंत जपावा लागतो, एकदा गेला की गेला. ते चित्र भावनेसाठी लोकांना आवडतं, मी त्या चार बोटांसाठी बघतो.

---

उंबरठा

पडवी कुठे गायब? धागा काढून पसार.

---

पडवी

आहे, आहे. सगळं वाचत होते, पण उत्तर टंकायला घेतलं की काहीतरी अडायचं. गेल्या रविवारी एक गोष्ट मी लिहिली नव्हती.

काका १९९८ ला गेले. त्याआधीच एकेक बिऱ्हाड बाहेर पडलं होतं. कुणी इंदिरानगरला, कुणी पुण्याला, आम्ही गंगापूर रोडला. शेवटची नऊ वर्षं एवढ्या मोठ्या वाड्यात काकू एकटी. सकाळ-संध्याकाळ एक बाई यायची, बाकी कुणी नाही. आता तिला दुपारचे दोन ते साडेतीनच काय, चोवीस तास तिचेच होते. सोंग घ्यायला नको, दार लोटायला नको.

आणि ती माजघरात बसेनाशी झाली. मी जाईन तेव्हा ओटीवर. खुर्ची दाराच्या तोंडाशी, तोंड गल्लीकडे. भर उन्हातसुद्धा. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक. भाजीवाल्याला दहा मिनिटं थांबवून ठेवायची, घ्यायची मेथीची एक जुडी. मी एकदा म्हटलं, काकू, आत थंडगार आहे, माजघरात बस की. ती म्हणाली, "तिथे बसून काय करू? पाठ कुणाकडे करू?"

मी तेव्हा हसले होते. म्हातारपणी माणसं काहीही बोलतात असं वाटलं.

या आठवड्यात तुमचे प्रतिसाद वाचताना ते वाक्य सारखं आठवतंय. उंबरठा म्हणाली ना, मागून कुणी बघतंय हे माहीत असताना उभं राहणं. अगदी तेच, पण मला ते उलट्या बाजूने दिसतंय. काकूच्या पाठीमागे तेरा माणसं होती. लोटलेल्या दारापलीकडे आमची कुजबुज, सासूबाईंचा खोकला, मोरीतलं पाणी. त्या सगळ्याकडे पाठ करून ती बसायची. ते होतं म्हणून पाठ करता येत होती. हामरशॉयच्या चित्रात ईडा एकटी नाहीच. तिच्या मागे, जिथे आपण उभे आहोत तिथे, नवरा स्टूलवर बसून ब्रश पुसतोय. ती खोली दोघांची आहे. म्हणूनच तिची मान अशी सैल वाकलेली आहे. खरोखर एकटी असती तर दाराकडे बघत राहिली असती, काकूसारखी.

मग धूलिकणांच्या चित्राचं काय, तिथे तर कुणीच नाही, असं भाचीने विचारलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कदाचित गोदाकाठच्या वाटसरूंचं 'सुनं' तिथे बरोबर बसतं.

बोहरपट्टीकर, व्यनि केलाय. भाडेकरू नाहीत, ते त्यातल्या त्यात बरं.

---

उंबरठा

"पाठ कुणाकडे करू." मी माझं पहिलं म्हणणं सोडत नाही, झाडायचं कुणी हा प्रश्न आहेच. पण आज दुपारी ऑफिसातून आल्यावर नवऱ्याला आणि पोराला टीव्हीसमोर बसवून स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाठ करून दहा मिनिटं उभी राहिले. आवाज चालू होता मागे. कुणी विचारलं नाही बरं नाही का म्हणून. एवढंच कळवायचं होतं.

---

सावली_मोजणारा

पडवीताई, एक तांत्रिक शंका. तुम्ही लिहिलंय की लहानपणी कवडसा काकूंच्या पाठीवर यायचा, आणि परवा तो भिंतीच्या पायथ्याशी होता. काच तीच असेल तर दोन्ही बरोबर आहे. तुमची आठवण मे महिन्याची. तेव्हा साडेबाराच्या सुमारास नाशकात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे कवडसा काचेच्या बरोबर खाली पडतो आणि दोनपर्यंत थोडा पूर्वेकडे सरकतो. आता डिसेंबर. कौल जमिनीपासून ४ मीटरवर धरलं तर माध्यान्हीलाच तो पावणेचार मीटर उत्तरेला गेलेला असतो, खोली लहान असेल तर भिंतीवर चढतो. उतरवायच्या आधी एकदा जाऊन वेळ टिपून ठेवाल का? माझ्या वहीसाठी.

---

पडवी

आज जाऊन आले. किल्ली अजून आमच्याकडे आहे. बाहेर चांगलीच थंडी होती, आत त्याहून जास्त.

दोन वाजून दहा मिनिटांनी कवडसा उत्तरेच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या पांढऱ्या चौकोनाच्या वीतभर खाली. काकू बसायची तिथपासून माझी पाच पावलं. अडीचला तो कोपऱ्याकडे वळला आणि पावणेतीनला शेजारच्या इमारतीची सावली आली. धूळ बसली होती, त्यामुळे पट्टा दिसला नाही, नुसता ठिपका. फोटो व्यनितून पाठवते.

मी काकूच्या जागेवर बसून पाहिलं. तिथे अंधार होता. मे उजाडेपर्यंत वाडा राहत नाही.